एसलिंगनमधले मठांचे जुने कारभारवाडे कसे बघायचे

स्टुटगार्टच्या आसपास राहणारी बरीच मराठी मंडळी एसलिंगनला जातात, पण बहुतेक वेळा ती डिसेंबरात, मध्ययुगीन ख्रिसमस मार्केट बघायला, म्हणजे गर्दीत उभं राहायचं, काहीतरी गरम प्यायचं, फोटो काढायचे आणि ट्रेन पकडून घरी यायचं. पण याच गावात एकेकाळी दहा-बारा मठांचे आणि कॅथेड्रलांचे कारभारवाडे होते, त्यातले बरेचसे आजही उभे आहेत, आणि रस्त्यावरून बघायला एक पैसासुद्धा लागत नाही. अडचण एवढीच की काय बघायचं ते माहीत नसेल तर माणूस त्या भिंतीला घासून पुढे जातो आणि त्याला कळतही नाही. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय, एक पूर्ण दिवस हाताशी असलेल्यांसाठी, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी ट्युबिंगनला जाणाऱ्यांसाठीसुद्धा.

आधी ही भानगड काय ते समजून घ्या, कारण त्याशिवाय बघण्यात मजा नाही. या वाड्यांना तिकडे फ्लेगहोफ म्हणतात. मठ स्वतः लांब कुठेतरी जंगलात, पण मठाच्या मालकीच्या जमिनी, द्राक्षमळे, गिरण्या, गावोगावचा दशांश (म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा) हे सगळं पसरलेलं. मग शहरात एक मोठी जागा घ्यायची, तिथे मठाचा कारभारी बसवायचा, खाली तळघरात वाइनची पिंपं, वर माळ्यावर धान्य, मध्ये हिशेबाची खोली, आणि मठाधिपती शहरात आले की त्यांच्या उतरण्याची सोय. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमिनी असायच्या आणि त्यांचं धान्य कोठीत येऊन पडायचं, कारभारी वहीत मांडायचा, ते डोळ्यासमोर आणा, म्हणजे अर्धं काम झालं.

यात सगळ्यात जास्त पसारा सिस्टर्सियन साधूंचा. हा पंथ 1098 मध्ये फ्रान्समधल्या सितो इथे सुरू झाला आणि त्यांचा नियम असा की मठ वस्तीपासून दूर असला पाहिजे, आणि दुसऱ्यांच्या दशांशावर किंवा खंडावर जगायचं नाही, आपल्या हातांनी शेती करायची. सुरुवातीला ते खरंच तसं करत होते, त्यांच्याकडे दीक्षा घेतलेले पण पूर्ण साधू नसलेले बंधू असायचे ते शेतावर राबायचे. पण लोक पुण्य मिळावं म्हणून जमिनी देत गेले, जमिनी वाढल्या, राबणारे बंधू कमी होत गेले, मग जमिनी खंडाने दिल्या, मग तो खंड धान्यात आणि वाइनमध्ये येऊ लागला, आणि आता एवढं धान्य जंगलात बसून खाणार कोण? ते विकायला बाजार पाहिजे. बाजार शहरात. म्हणून शांततेसाठी जंगलात गेलेल्या मठांचे भक्कम वाडे भर बाजारात उभे राहिले. मला या इमारतींमध्ये सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच, की पंथाचा इतिहास ग्रंथात वाचण्याआधी तो तुम्हाला छपराच्या उंचीत दिसतो.

एसलिंगनच का, तर इथून नेकार नदी ओलांडून व्यापाराचा मोठा रस्ता उल्मकडे आणि पुढे इटलीकडे जायचा, शहर सम्राटाच्या थेट अखत्यारीतलं होतं, आणि चहूबाजूच्या उतारांवर द्राक्षं. बव्हेरियातल्या मठांना वाइन हवी असायची, त्यांच्याकडे द्राक्षं धड होत नाहीत, म्हणून म्युनिकजवळच्या फ्युर्स्टेनफेल्ड मठाने आणि डोनाउवोर्टजवळच्या काइसहाइम मठाने एवढ्या लांब येऊन इथे वाडे केले. फ्युर्स्टेनफेल्डची गोष्ट तर जरा ऐकण्यासारखी आहे, बव्हेरियाचा ड्यूक लुडविग दुसरा याने 1256 मध्ये नुसत्या संशयावरून आपल्या बायकोला, मारिया ऑफ ब्राबांटला, मारून टाकलं आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून 1263 मध्ये हा मठ वसवला. त्या प्रायश्चित्ताच्या मठाची वाइन इथल्या तळघरात साठायची.

आता जायचं कसं. स्टुटगार्ट मुख्य स्टेशनवरून एस-1 लोकल पकडा, पंधरा-वीस मिनिटांत एसलिंगन, रीजनल ट्रेन मिळाली तर त्याहून लवकर. स्टेशनवरून जुनं गाव चालत दहा मिनिटं. ट्रेनसाठी डॉइचलँड-तिकीट, म्हणजे जर्मनीभर लोकल आणि रीजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास, असेल तर वेगळं काही काढायला नको. नोव्हेंबर अखेर ते ख्रिसमसपर्यंतचे दिवस या कामासाठी सोडून द्या, मार्केट छान असतं पण भिंतींसमोर स्टॉल असतात आणि वर बघत उभं राहिलं की मागून धक्के बसतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेलात तर उत्तम, कारण दुकानं, वाचनालय सगळं चालू असतं आणि गर्दी नसते. रविवारी बाहेरून बघायला शांतता मिळते पण आत फारसं कुठे जाता येत नाही. पायात चांगले शूज हवेत, सगळीकडे दगडी फरसबंदी आहे आणि आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना किल्ल्याच्या पायऱ्यांवर नेऊ नका, त्या झाकलेल्या लांबलचक जिन्याने दम लागतो, खालचं गाव सपाट आहे तेवढंच पुरे.

पोचल्यावर लगेच फ्लेगहोफकडे धावू नका. आधी हाफेनमार्क्टला जा, तिथे 4 ते 10 नंबरची लाकडी चौकटीची घरं एका ओळीत आहेत, 1328 ते 1331 या काळातली, आणि जवळच हॉइगासे 3 हे घर आहे ते 1261-62 च्या लाकडाचं. ही वर्षं तर्काने काढलेली नाहीत, तुळईच्या लाकडातली वार्षिक वलयं मोजून ते झाड कधी तोडलं ते काढतात, त्या वेळी लाकूड ओलं असतानाच वापरायचे म्हणून झाड तोडल्याचं वर्ष म्हणजे जवळजवळ बांधकामाचंच वर्ष. इथे थांबून डोळ्यांना सवय लावायची. दोन लाकडं जिथे एकमेकांना छेदतात तिथे अगदी जवळ जाऊन बघा. जुन्या पद्धतीत एका लाकडाला वरून अर्धी खाच पाडून दुसरं लाकूड त्यात बसवलेलं असतं, त्यामुळे तिरक्या टेकूचं टोक खांबाच्या अंगावर चपटं बसलेलं बाहेरून दिसतं, कधी ते टोक शेपटीसारखं रुंद केलेलं असतं म्हणजे ओढलं तरी निसटू नये. नंतरच्या काळात, साधारण सोळाव्या शतकापासून, कुसू काढून भोकात घालायची पद्धत रुळली, मग सांधा आत लपतो आणि बाहेर फक्त लाकडी खुंटीचं गोल डोकं दिसतं. हा फरक एकदा कळला की कुठल्याही जर्मन गावात घर जुनं की फार जुनं हे तुम्हाला लांबून सांगता येईल. त्याच सांध्यांजवळ रोमन आकड्यांसारख्या बारीक खाचा दिसल्या तर त्या सुतारांच्या खुणा, आधी सगळी चौकट जमिनीवर जुळवून बघायचे, प्रत्येक लाकडाला नंबर द्यायचे, मग उचलून उभी करायचे.

मग त्याच हॉइगासेने पुढे या, 9 नंबरला बेबेनहॉइझर फ्लेगहोफ. हा बेबेनहाउझन मठाचा वाडा, मठ इथून पुष्कळ लांब ट्युबिंगनजवळच्या जंगलात, पण इथल्या वाइनसाठी आणि दशांशासाठी त्यांना इथे जागा हवीच होती. आता शहराचं वाचनालय याच वाड्यात बसवलेलं आहे, आणि माझ्या मते हा वाडा टिकला त्याचं मोठं कारण हेच की तो कधी नुसता रिकामा पडला नाही, कोणी ना कोणी त्यात काम करतच राहिलं. 2019 मध्ये वाचनालय इथेच ठेवायचं की दुसरीकडे न्यायचं यावर गावात चक्क मतदान झालं आणि लोकांनी जुन्या वाड्याच्या बाजूने कौल दिला. जागेची चर्चा त्यानंतरही चालू राहिली, त्यामुळे जायच्या आधी शहराच्या साइटवर वेळा आणि पत्ता एकदा बघून घ्या.

बघताना क्रम उलटा ठेवा. आपण देवळात किंवा चर्चमध्ये जातो तेव्हा दर्शनी भाग, दरवाजा, नक्षी असं बघतो. फ्लेगहोफ ही कोठी आहे, तिचा जीव वर आणि खाली. म्हणून आधी अंगणात मध्यभागी उभे राहा आणि छपराकडे बघा. ही छपरं कमालीची उंच आणि उतरती असतात, कधीकधी छपराचीच उंची खालच्या भिंतींएवढी. आत दोन-तीन माळे एकावर एक, तिथे धान्य पसरून ठेवायचे, पोत्यात नाही, जमिनीवर पसरून, आणि फावड्याने सारखं उलटंपालटं करायचे म्हणजे बुरशी लागत नाही. त्यासाठी छपरात ओळीने बारीक खिडक्या किंवा झरोके असतात, हवा खेळायला. एखादी खिडकी बाकीच्यांपेक्षा मोठी, दरवाजासारखी, पुढे आलेली आणि तिच्यावर छोटं छप्पर असेल तर तिथे कप्पी होती, खालून दोराने धान्य वर ओढायची जागा. ती दिसली की तिच्या बरोब्बर खाली बघा, गाडी कुठे उभी राहत असेल ते लगेच कळतं.

त्यानंतर कमान. माणसांसाठी एवढी रुंद कमान लागत नाही, ती पिंपं लादलेल्या गाडीसाठी. कमानीच्या दोन्ही बाजूंना खाली बुटके दगड रोवलेले दिसले तर ते चाकाने भिंत खरवडू नये म्हणून. बऱ्याच ठिकाणी त्या दगडांना आणि कमानीच्या कडांना शेकडो वर्षांच्या घासण्याने गुळगुळीत खळगे पडलेले असतात, हात फिरवून बघा, कोणी ओरडत नाही.

मग तळघर. रस्त्यावरून किंवा अंगणातून खाली जाणारा रुंद, जवळपास आडवा दरवाजा शोधा. तळघर जमिनीखाली कारण तिथे उन्हाळ्यात आणि थंडीत तापमान फारसं बदलत नाही, वाइनला तेच लागतं. एसलिंगनमध्ये वर घर जळून नवं बांधलं तरी खालचं तळघर जुनंच राहायचं असं पुष्कळदा झालंय, 1701 च्या मोठ्या आगीत गावाचा बराच भाग गेला, पण दगडी कमानींची तळघरं कशाला जळतायत. त्यामुळे वरची भिंत अठराव्या शतकातली आणि खालची तिच्याहून तीन-चार शतकं म्हातारी असं सहज असू शकतं, बाहेर लावलेल्या पाटीवर एकच वर्ष असतं त्यावर पूर्ण विसंबू नका.

शेवटी दर्शनी भाग, आणि त्यात दोनच गोष्टी शोधायच्या. एक म्हणजे बाकीच्या खिडक्यांपेक्षा वेगळी, टोकदार कमानीची उंच खिडकी, ती वाड्यातल्या प्रार्थनाघराची. कारभारी साधू असला तर त्याला दिवसाच्या प्रार्थना चुकवून चालायचं नाही. दुसरं म्हणजे दगडात कोरलेली ढाल. त्यावर मठाधिपतीचा वळलेल्या टोकाचा दंड असेल आणि तिरकी, चौकटीचौकटीची दुरंगी पट्टी असेल तर डोळे मिटून सांगा, सिस्टर्सियन. त्या पंथाचं चिन्हच ते, काळ्या पार्श्वभूमीवर लाल आणि रुपेरी चौकटींचा तिरका पट्टा. दगडावर रंग उडालेला असतो पण चौकटी कळतात.

वाचनालयाच्या वेळेत असाल तर आत जरूर जा, तुम्ही सभासद नसलात तरी आत जाऊन बसायला आणि मासिकं चाळायला हरकत नसते. मोठ्याने बोलायचं नाही, वाचणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत, छत आणि खांब यांचा फोटो हवा असेल तर काउंटरवर विचारा, विचारलं की लोक खुशीने सांगतात, वर कुठल्या कोपऱ्यात जुनं लाकूड दिसेल तेही सांगतात. लहान मुलं असतील तर त्यांना मुलांच्या विभागात सोडून तुम्ही निवांत तुळया बघा. इथल्या कुचरझाल नावाच्या हॉलमध्ये लेखकांचे कार्यक्रम होतात, जर्मन येत असेल तर एखाद्या संध्याकाळी त्यासाठीच जा.

इथून बाकीचे वाडे चालत होतात. झांक्ट डिओनिस या दोन मनोऱ्यांच्या चर्चजवळ श्पायर कॅथेड्रलचा वाडा आहे. हा मठाचा नाही, पण काम तेच. सम्राट फ्रेडरिक दुसऱ्याने 1213 मध्ये हे चर्च श्पायरच्या धर्मपीठाला देऊन टाकलं आणि त्याच्याबरोबर उत्पन्नही, मग ते गोळा करायला वाडा आलाच. आज तिथे केसलर कंपनी आहे, 1826 पासून स्पार्कलिंग वाइन बनवणारी, जर्मनीतली या धंद्यातली सगळ्यात जुनी. तळघरांची गाइडेड टूर असते, आधी बुक करावी लागते आणि पैसे पडतात, पण या गावात एकच गोष्ट पैसे देऊन बघायची असेल तर हीच बघा, कारण जे तळघर बाकी ठिकाणी फक्त दरवाजातून कल्पनेने बघायचं ते इथे आत जाऊन, थंडीसकट बघता येतं. वाइन घेत नसाल तरी चालतं. स्वेटर न्या.

झालेम मठाचा वाडा थोडा वरच्या अंगाला, फ्राउएनकिर्शे या चर्चच्या बाजूने गेलं की उंटेरे बॉइटाउ गल्लीत. तो आता कॅथलिक पॅरिशकडे आहे, सभा-समारंभ होतात, त्यामुळे कार्यक्रम चालू असेल तर आत डोकावू नका, बाहेरूनच बघा, बाहेरून बघायलाच तो सगळ्यात देखणा आहे. फ्युर्स्टेनफेल्डचा वाडा ष्ट्रोहष्ट्रासेवर, काइसहाइमचाही शोधा, गावातल्या पर्यटन ऑफिसात नकाशा मिळतो त्यावर हे खुणा करून घ्या.

शहराचं आणि या वाड्यांचं फारसं पटायचं नाही हे लक्षात ठेवून फिरलात तर जास्त कळेल. मठांना करात सूट असायची, आणि वर ते आपली वाइन शहरातच विकायचे, म्हणजे कर भरणाऱ्या गावकऱ्याच्या नाकासमोर. त्यामुळे किती विकायची, कोणी विकायची, शहराच्या संरक्षणाचा खर्च कोणी किती उचलायचा यावर करार व्हायचे. मग 1531 पासून एसलिंगन प्रोटेस्टंट झालं, आणि 1534 मध्ये ड्यूक उलरिश शेजारच्या आपल्या वुर्टेमबर्ग राज्यात परत आल्यावर त्याने तिकडचे मठ ताब्यात घ्यायला सुरुवात केली, बेबेनहाउझन त्यातच गेला. म्हणजे काय झालं बघा, मठ संपला पण त्याचा एसलिंगनमधला वाडा चालूच, फक्त मालक बदलला, स्वतंत्र शहराच्या पोटात शेजारच्या ड्यूकची कचेरी. कुळं तीच, दशांश तोच, वह्याही त्याच धर्तीच्या. 1802-03 मध्ये शहराचं स्वातंत्र्य गेलं आणि सगळंच वुर्टेमबर्गचं झालं, तेव्हा कुठे हा तिढा सुटला.

आज या इमारतींना जे संरक्षण आहे ते बाडेन-वुर्टेमबर्गच्या स्मारक कायद्याचं, तो 1972 च्या सुरुवातीपासून लागू आहे. त्या कायद्यात मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे वास्तू जपण्यासाठी शास्त्रीय किंवा कलेचं महत्त्व असलंच पाहिजे असं नाही, त्या गावाच्या स्वतःच्या इतिहासासाठी ती महत्त्वाची असेल तरी पुरतं. म्हणून छोट्या गावातली साधी दशांशाची कोठारंही वाचली. मालकाला वास्तू सांभाळावी लागते आणि काही बदलायचं तर परवानगी काढावी लागते. भाड्याने अशा जुन्या घरात राहत असाल तर भिंतीत ड्रिल मारायच्या आधी मालकाला विचारा, खरंच विचारा.

दुसरा दिवस ट्युबिंगन आणि बेबेनहाउझनसाठी ठेवा. ट्युबिंगनमध्येही याच मठाचा फ्लेगहोफ आहे, जुन्या गावाच्या पूर्व टोकाला, शुलबर्गवर, पंधराव्या शतकाच्या अखेरीचा, आणि त्याचं छप्पर म्हणजे वर सांगितलेल्या धान्याच्या माळ्याचा आदर्श नमुना. विद्यापीठाचा संगीतशास्त्र विभाग तिथे आहे, वाड्यातल्या हॉलमध्ये मैफिली होतात, कॅलेंडर बघून जा म्हणजे आत बसून ऐकता येईल. मग बस पकडून बेबेनहाउझनला जा, शोनबुखच्या जंगलाच्या कडेला, बसने थोडाच वेळ लागतो. मठ 1183 च्या सुमाराला ट्युबिंगनच्या फाल्झग्राफ, म्हणजे मोठ्या सरदार, रुडोल्फने वसवला आणि 1190 मध्ये तो सिस्टर्सियनांकडे आला. चर्चच्या डोक्यावरचा जाळीदार दगडी मनोरा 1407 ते 1409 चा, या पंथात घंटेचे भारी मनोरे चालत नसत म्हणून हलकाफुलका केलेला. नंतर इथे मठशाळा होती, मग राजाचा शिकारीचा राजवाडा, वुर्टेमबर्गचा शेवटचा राजा विल्हेल्म दुसरा 1921 मध्ये इथेच वारला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 1952 पर्यंत वुर्टेमबर्ग-होहेनझोलर्न या छोट्या राज्याची विधानसभा इथे भरायची. आत तिकीट आहे, वेळा हंगामाप्रमाणे बदलतात.

माझा आग्रह आहे की आधी वाडे बघा आणि मठ शेवटी. उलटं केलंत तर मठातल्या सुंदर कमानींनी मन भरून जातं आणि मग वाडे म्हणजे गोदामं वाटतात. वाडे आधी बघितलेत की मठाच्या जेवणघरात उभं राहिल्यावर हे सगळं कुठल्या पैशावर उभं राहिलं ते आपोआप कळतं.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी थोडं. मठांच्या जमिनींच्या वह्या, कोणत्या कुळाने किती धान्य, किती वाइन, किती कोंबड्या द्यायच्या हे लिहिलेल्या, स्टुटगार्टच्या मुख्य राज्य अभिलेखागारात आहेत. जुनी जर्मन अक्षरं वाचता येत नसतील तर सुरुवात नकाशांपासून करा, आंद्रेआस कीझर नावाच्या माणसाने 1680 च्या दशकात वुर्टेमबर्गच्या जंगलांचे नकाशे आणि त्याबरोबर गावांची चित्रं काढली होती, ती लिओ-बीडब्ल्यू या सरकारी पोर्टलवर घरबसल्या बघता येतात, तुम्ही राहता ते गावही त्यात सापडेल कदाचित. आणि एसलिंगनचा इतिहास एका जागी हवा असेल तर हाफेनमार्क्टवरच्या पिवळ्या घरात शहराचं म्युझियम आहे.

सप्टेंबरचा दुसरा रविवार मात्र आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा. त्या दिवशी ‘टाग डेस ऑफेनेन डेंकमाल्स’ या उपक्रमात जर्मनीभर जुन्या वास्तू लोकांसाठी उघडतात, 1993 पासूनची पद्धत आहे ही, बहुतेक ठिकाणी फुकट. एरवी बंद असणारे माळे, तळघरं, प्रार्थनाघरं दाखवतात, कधीकधी दुरुस्ती करणारे सुतार स्वतः उभे राहून सांगतात. कार्यक्रमाची यादी ऑगस्टमध्ये या उपक्रमाच्या साइटवर येते, ज्या टूरला नाव नोंदवावं लागतं ती लगेच भरते, त्यामुळे यादी आल्या आल्या बघा आणि ज्या वाड्याचा माळा उघडणार असेल तो पहिला धरा.